बेलतेल

रविवारी सकाळी ह्यांनी बंदूक खोलली.
नळ्या सोलापुरी चादरीत गुंडाळून कपाटात,
कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं.
उरला नुसता दस्ता, अक्रोडाचा,
पेपरवर आडवा.
मला आधी खाटेचा तुटका पाय वाटला.

बेलतेल आणलं होतं स्टेशन रोडवरनं,
अर्धा लिटर, पत्र्याच्या डब्यात.
नावात बेल, पण महादेवाशी संबंध नाही,
जवस आहे ते. माझ्या माहेरी चटणीत असतं.

तीस तारखेला पतसंस्थेतली ड्यूटी संपली.
तेवीस वर्षं, कोरेगाव शाखा, शटरच्या डाव्या हाताला.
स्टूल होतं. साहेब आत असताना बसायचं नाही
हा ह्यांचाच नियम.
दिवाळी झाली की साताऱ्याला, पोवई नाक्याच्या पुढं,
हकीमभाईंच्या दुकानात विकायची.
हकीमभाई फोनवर म्हणाले,
पॉलिशचे वेगळे पैसे मिळणार नाहीत.
हे म्हणाले, मागितलेत कुणी?

काचकागद माझ्याकडं आला, कारण
ह्यांचा उजवा हात पावसाळ्यापासून हलतो.
चहाची बशी वाजते. आम्ही त्यावर बोलत नाही.
"रेषेच्या बाजूनं घास, आडवं नको."
जिला कधी हात लावू दिला नाही
तिचं जुनं व्हार्निश
वाळल्या काकवीसारखं सुटत होतं,
माझ्या नखांत जात होतं.

मग पोचा सापडला, बोटभर.
विचारलं तर म्हणाले, नोटाबंदी.
तिसरा दिवस. रांग पायरीवर चढली,
ढकलाढकलीत दस्ता शटरच्या कडेवर आपटला.
"मग?"
"मग काय. ल्हासुर्ण्याची एक बाई चक्कर येऊन पडली,
तिला स्टुलावर बसवली."
हे मला नऊ वर्षांनी कळतंय.

नारू सुतारानं उपाय सांगितला होता:
ओला फडका पोच्यावर, वरून गरम इस्त्री.
इस्त्री तर माझीच,
ह्यांच्या खाकीवर रोज फिरलेली.
फस्सकन वाफ. परत ओला, परत वाफ.
दबलेलं लाकूड वर आलं,
भाकरीसारखं टम्म नव्हे,
थोडंसं, हातालाच कळेल इतकं.

एक जागा मात्र जाईना.
गाल टेकतो तिथली नव्हे, तिथं लाकूड कोरं आहे,
हे कधी नेम धरून उभेच राहिले नाहीत.
काळी पडलीय ती मुठीपाशी,
तेवीस उन्हाळ्यांचा घाम मुरलेला,
अंगठ्याचा खळगासुद्धा.
"अजून घास."
मी माझा अंगठा ठेवून बघितला. खळगा मोठा पडला.
"घासलं," म्हटलं,
आणि काचकागदाची घडी घातली.

तेल थेंबभरच घ्यायचं,
तळव्यानं चोळायचं, लाकूड गरम होईस्तोवर.
अक्रोडाच्या रेषा वर आल्या,
पाणी ओसरल्यावर तिळगंगेच्या वाळूत राहतात तशा.
"किती वेळा उडवली हो?"
"एकदाही नाही."
जरा थांबून, "तपासणीलासुद्धा नाही."
आवाजात उणं नव्हतं, जास्तही नव्हतं,
पासबुकातली शिल्लक वाचावी तसं.

नारूनं आणखी एक बजावलं होतं:
तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका.
आपोआप तापतात, आपोआप पेटतात.
त्याच्या चुलत्याचं दुकान तसंच गेलं,
कुणी काडी ओढली नव्हती.

म्हणून माझ्या जुन्या पातळाचे अकरा तुकडे
सुटे सुटे, तारेवर, चिमट्याला.
खाली पाण्याची बादली.
दस्ता आत, वाळत.
हे बाहेर. मी खुर्ची नेऊन ठेवली
तरी उभेच,
तारेच्या डाव्या हाताला,
हात मागं बांधून,
उजवा डाव्यात घट्ट धरून.